आयसो म्हणजे सारखं, पण काय सारखं?

इथे पीएचडी करताना माझ्या वहीत आयसोथर्मल, आयसोबारिक, आयसोट्रॉपिक अशी सगळी आयसो मंडळी एकत्र नांदत होती. ग्रीक 'आयसोस' म्हणजे सारखा. काय सारखं, तापमान की दाब, ते पुढचा तुकडा सांगतो.

या घराण्यातल्या आयसोटोपचं बारसं मात्र ऐकण्यासारखं आहे. १९१३ साली फ्रेडरिक सॉडी ग्लासगोत किरणोत्सारी मूलद्रव्यांवर काम करत होते. काही अणूंचा भार वेगळा, पण कुठल्याही रासायनिक रीतीने ते एकमेकांपासून सुटे होईनात. म्हणजे आवर्तसारणीत सगळे एकाच घरात! यांना म्हणायचं काय? सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या वेळी हा विषय निघाला, आणि मार्गारेट टॉड या डॉक्टरीणबाईंनी (त्या कादंबऱ्याही लिहीत) शब्द सुचवला: आयसोस अधिक टोपोस, सारखी जागा. त्याच डिसेंबरात तो 'नेचर'मध्ये छापून आला. सॉडींना १९२१ चं नोबेल मिळालं. टॉडबाई १९१८ मध्येच गेल्या होत्या. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव मला तरी कधी दिसलं नाही.

१९३४ चा आयसोटोन ही तर निव्वळ कोटी. न्यूट्रॉनांची संख्या सारखी असलेल्या अणूंना नाव हवं होतं, म्हणून आयसोटोपमधला प्रोटॉनचा 'प' काढून न्यूट्रॉनचा 'न' बसवला. ग्रीकच्या पंडितांनी कपाळाला हात लावला असेल.

आपण शाळेत घोकलेला 'समस्थानिक' बघा. सम अधिक स्थान, टॉडबाईंनी जोडलेले तेच दोन तुकडे. भूगोलातल्या समताप आणि समभार रेषाही याच साच्यातल्या.