उकिरडा ते कचरा डेपो : मोशी परिसराच्या संदर्भात खतपरंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मराठी कृषिसंस्कृतीत उकिरडा ही केवळ केरकचरा टाकण्याची जागा नव्हती. शेण, गोठ्यातील गाळ, चुलीतील राख व पालापाचोळा तेथे कुजून शेताकडे परत जात असे. दिवाळीत उकिरड्यावरही दिवा ठेवण्याची प्रथा आणि ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण त्याचे लोकजीवनातील स्थान स्पष्ट करतात. प्रस्तुत लेखात या परंपरेच्या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

परंपरेकडून शास्त्राकडे :
महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) या ग्रंथात डोंगरावरील पालापाचोळा व जनावरांचे मलमूत्र पावसाबरोबर शेतात येऊन जमीन सुपीक होत असे, याकडे लक्ष वेधले व सरकारी जंगलखात्याच्या धोरणावर टीका केली. 1893 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात डॉ. व्होएल्कर यांनीही सरपणाच्या टंचाईमुळे शेण जाळले जाते, असे नोंदविले. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित करून 1931 मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे तिचे वैशिष्ट्य होय.

श्रमाचा प्रश्न :
या वारशाचा गौरव करताना त्यामागील जातिव्यवस्था दृष्टिआड करता येत नाही. मैला वाहण्याचे व मेलेली जनावरे ओढण्याचे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. खताचा लाभ मात्र जमीनधारकाला मिळे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोनखताचे प्रयोग केले, ते भंगीमुक्तीच्या विचाराशी जोडूनच. म्हणूनच त्यांचे कार्य केवळ कृषिविषयक ठरत नाही.

मोशीचा अनुभव :
इंद्रायणीकाठचे मोशी हे मूळचे शेतीप्रधान गाव. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसराचे औद्योगिकीकरण वेगाने झाले. 1982 मध्ये येथे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि 1997 मध्ये मोशीचा तिच्या हद्दीत समावेश झाला. गावाचा उकिरडा गावाच्याच शेताला पोसत होता. आता संपूर्ण शहराचा कचरा मोशीच्या डेपोत येऊ लागला. 2000 च्या नियमांनी विघटनशील कचऱ्याच्या कंपोस्टवर, तर 2016 च्या नियमांनी मुळाशीच वर्गीकरणावर भर दिला. 1 ऑगस्ट 2023 रोजी येथील कचऱ्यापासून वीजनिर्मितीच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याची नियोजित क्षमता वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचऱ्याची आहे. मात्र जळालेला सेंद्रिय अंश मातीकडे परत जात नाही. शेणाच्या गोवऱ्यांबाबत एकोणिसाव्या शतकात उपस्थित झालेला प्रश्नच येथे नव्या रूपात समोर येतो.

निष्कर्ष :
उकिरड्याचे यश यंत्रात नव्हते. ओला व सुका कचरा घरातच वेगळा राहणे आणि शेत जवळ असणे यांत होते. शेत दूर गेले असले तरी वर्गीकरण आजही शक्य आहे. सोसायटीच्या आवारातील लहान नाडेप टाके हा त्याचा व्यवहार्य मार्ग ठरू शकतो. परंतु त्याचा भार पुन्हा एकाच वर्गाच्या माथी पडणार असेल, तर तो वारशाचा नव्हे, विषमतेचाच स्वीकार होईल.