स्थलांतराचा अधिकार : फ्लॉरेन्स, पुणे आणि बंगळूरचे ब्लॅकपल्ली

बोकाचिओच्या 'डेकामेरॉन'मध्ये १३४८ च्या प्लेगने ग्रासलेले फ्लॉरेन्स सोडून सात स्त्रिया व तीन पुरुष नगराबाहेरील वाड्यात राहतात आणि दहा दिवसांत शंभर कथा सांगतात. या रचनेतील एक सामाजिक गृहीतक सहसा दुर्लक्षित राहते : ज्यांना नगर सोडता येते, तेच कथनकार होतात. मागे राहिलेल्यांचा इतिहास अन्यत्र शोधावा लागतो. १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गला ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. वाचलेल्या मजुरांच्या श्रमाचे मोल वाढताच १३५१ मध्ये इंग्लंडने मजुरी गोठविणारा कायदा केला. दोन्ही ठिकाणी दुर्बलांची नोंद झाली ती दंडसत्तेच्या दफ्तरात.

मराठीतील प्लेगस्मृती प्रामुख्याने पुण्याची, आणि तीही २२ जून १८९७ च्या रँडवधाभोवती केंद्रित झालेली आहे. घरझडत्यांचा संताप त्यात आहे. पण त्याच वर्षी १० मार्चला रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना आलेले मरण या स्मृतीच्या कडेलाच राहिले.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग रेल्वेमार्गाने बंगळूरला पोहोचला. त्याची स्मृती तेथे ग्रंथापेक्षा नगररचनेत अधिक वाचता येते. दाटीच्या पेठांना पर्याय म्हणून मल्लेश्वरम् व बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या वसाहती आकारास आल्या. मल्लेश्वरम्‌ला नाव मिळाले ते काडू मल्लेश्वर मंदिरावरून. त्या मंदिराचा संबंध शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्याशी जोडला जातो. छावणीच्या बाजूस ब्लॅकपल्लीची दाटी कमी करण्यासाठी १९१० च्या सुमारास फ्रेझर टाउन वसले. ब्लॅकपल्ली मात्र तेथेच राहिली. हीच वस्ती पुढे शिवाजीनगर म्हणून ओळखली जाऊ लागली.

येथे तुलना नेमकी व्हावयास हवी. फ्लॉरेन्सचे स्थलांतर तात्पुरते होते. कथा संपताच ती मंडळी नगरात परततात. बंगळूरचे स्थलांतर कायमचे ठरले आणि मोकळी हवा ही भूखंड घेण्याच्या ऐपतीशी जोडली गेली. म्हणून प्लेगसाहित्याच्या तौलनिक अभ्यासात प्रत्येक संहितेला एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : निवेदक कोठे उभा आहे, वाड्यात की पेठेत? हा प्रश्न टाळला, तर शिवाजीनगरसारख्या वस्त्यांचे मौन आपण स्मृतीचा अभाव समजून बसू. वस्तुतः ते कथनाच्या संधीचा अभाव असते.