बेटावरची हातांची बोली

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहा म्हटले की आपली लेखणी गडकिल्ल्यांकडे वळते. मी मात्र भगिनींना आज एका दूरच्या बेटाची हकिगत सांगणार आहे. त्याला कारण आपलीच बालवाडी. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला प्रवेश द्यावा की नाही, हा विषय मंडळाच्या सभेत दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. ‘तिच्या खुणा पाहून आमची मुले बोलण्यात मागे पडतील,’ अशी काही मातांना धास्ती वाटते. आईची धास्ती हसण्यावारी नेऊ नये. पण हा अनुभव एका बेटाने पूर्वीच घेऊन ठेवला आहे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तेथे १६९४ साली जोनाथन लॅम्बर्ट नावाचा बहिरा गृहस्थ राहावयास आला. त्याच्या सात मुलांपैकी दोन बहिरी निघाली. बेटावरची बरीच घराणी मूळची इंग्लंडातील केंट परगण्याची, आणि सोयरिकी आपसांतच होत. त्यामुळे रक्तात दडलेले बहिरेपण ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीही उमटू लागले. एकोणिसाव्या शतकात साऱ्या अमेरिकेत सुमारे ५,७२८ माणसांमागे एक जन्मतः बहिरा असे. या बेटावर १५५ माणसांमागे एक, आणि चिलमार्क गावी तर पंचवीसांत एक!

मग गावाने काय केले? ना सभा भरवली, ना ठराव केला. हातांच्या खुणांची एक बोली रुळली आणि ती सगळेच बोलू लागले. ऐकणारी मुले घरात इंग्रजी शिकत तशीच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांकडे पाहून हीही शिकत, आणि दोन्ही बोली सहज वापरीत मोठी होत. हाक पोचणार नाही इतक्या अंतरावरून कोळी होडीतून होडीत हातांनीच बोलत. शाळेत पोरे मास्तरांची नजर चुकवून खुणांनी गप्पा मारीत. (पोरे सगळीकडची सारखीच!)

१८१७ साली हार्टफर्ड येथे बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. तेथील शिक्षणाचा खर्च सरकार देई; म्हणून बेटावरचे बहिरे पुष्कळदा शेजाऱ्यांहून अधिक शिकलेले असत. ऐकणारा शेजारी आपला कागद घेऊन बहिऱ्याकडे वाचून घ्यायला जाई, याची मला फार मौज वाटली.

नोरा ग्रोस या विदुषीने बेटावरच्या वृद्धांना भेटून १९८५ साली यावर पुस्तक प्रसिद्ध केले. दोन जुन्या गावकऱ्यांविषयी तिने विचारले, तर ते चांगले मासेमार होते एवढेच प्रथम सांगण्यात आले. ते बहिरे होते ना, असे विचारल्यावर, हो, खरेच की, दोघेही बहिरेच होते, अशी आठवण निघाली.

आपण मात्र मूल कुणाकडे टक लावून पाहू लागले की त्याचा हात ओढून पुढे नेतो. ती मुलगी धाकट्या भावाला सोडायला आईबरोबर येते, पायरीवर बसते. आपल्या मुलांपैकी दोघातिघांनी तिला ‘पाणी हवे का?’ असे हातानेच विचारायला सुरुवात केली आहे. त्यांना कोणी शिकवले नाही. तिला जूनमध्येच वर्गात बसवावे, असे माझे मत आहे. बाईंना कोठून शिकायचे म्हणाल, तर दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र स्थापन झाले, आणि २०१८ साली त्यांचा शब्दकोशही निघाला.

बेटाचे पुढे असे झाले की हार्टफर्डला गेलेल्या मुलांची लग्ने बाहेर जुळू लागली, बहिरी बालके जन्मेनाशी झाली, आणि १९५२ साली त्या परंपरेतील शेवटची बहिरी व्यक्ती वारली. त्यानंतरही काही वर्षे म्हातारी ऐकणारी माणसे एकमेकांशी बोलताना मध्येच हातांवर येत.