प्रश्नपत्रिकेबाहेरची आपत्ती

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर परिसर हादरला. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात होता, जखमींचा सुमारे सोळा हजार. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. लातूरला मात्र ते २००२ साली आले. जखमींचा लोंढा लातूर, उमरगा, सोलापूरच्या रुग्णालयांकडे निघाला. कोणाला आधी घ्यायचे, कोण थांबू शकेल, हा निवाडा दारातच करावा लागे. आणि दारात पहिली उभी असते ती परिचारिका.

किल्लारीनंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार होऊ लागले. २००५ मध्ये देशाचा कायदा आला, २०१६ मध्ये रुग्णालय-सुरक्षेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली. गुणवत्ता मानांकनाबरोबर रंगांची भाषाही रुळली: हृदय थांबले की ‘कोड ब्लू’, आग लागली की ‘कोड रेड’, बाळ चोरीला गेले की ‘कोड पिंक’. पुढे या भाषेची परीक्षा हा नर्सिंग महाविद्यालयांतील प्रबंधांचा विषय झाला. प्रश्नावली द्यायची, गुण मोजायचे, वर्ग घ्यायचा, पुन्हा प्रश्नावली द्यायची. गुण वाढतात आणि ‘प्रशिक्षण परिणामकारक’ असा निष्कर्ष निघतो.

हे ज्ञान निरुपयोगी नाही. गोंधळात पाठ असलेली कृतीच हाताशी येते. पण या पद्धतीत परीक्षार्थी एकटी परिचारिका असते. इमारत, वीजजोडणी, मनुष्यबळ यांना गुण कोणी देत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात आग लागली. सतरांपैकी सात बाळे वाचली, दहा गेली. चौकशीनंतर अधिकाऱ्यांबरोबर परिचारिकांवरही कारवाई झाली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत अकरा रुग्ण दगावले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना.

नांदेडने वेगळाच प्रश्न पुढे ठेवला. किल्लारीला तीस वर्षे होत असताना, २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात होते. औषधे आणि मनुष्यबळ यांच्या तुटवड्यावरून वाद पेटला. प्रशासनाने औषधटंचाई नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ना भूकंप, ना आग. खाटांपेक्षा रुग्ण वाढत जातात, त्या आपत्तीसाठी कोणत्याही रंगाचा कोड नाही.

म्हणून प्रश्नावलीत काही प्रश्न वाढवायला हवेत. रात्री दोन वाजता या कक्षात किती परिचारिका असतात? मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते? अग्निशामक नळकांडे शेवटचे कधी तपासले? उत्तरे परिचारिकेला ठाऊक असतीलही. पण ती बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यापुढे ही प्रश्नपत्रिका आधी ठेवायला हवी.