माश्या कुणी मारल्या?

एप्रिलमध्ये चार दिवस सुट्टी टाकून गावी गेलो होतो. गाव म्हणजे कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. (पुण्यात हे नाव सांगितलं की वाचणारा माणूस "कुरुंदकरांचं का?" असं विचारतो, बाकीचे "ते नक्की कुठं आलं?" असं विचारतात. असो.)

काकांनी यंदा अर्ध्या एकरावर कांद्याचं बी धरलं होतं. डोंगळे कमरेएवढे आणि गोंडे बघायला झकास. पण गोंडा तळहातावर चोळला की काळं बी कमी आणि फोलपटंच जास्त. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलावरचे पराग आणून देणारं कुणीतरी लागतंच. हे काम मुख्यतः मधमाशीचं. आणि काकांच्या म्हणण्यानुसार फुलोऱ्याच्या दिवसांत माशी औषधालासुद्धा दिसली नाही.

"तुमच्या त्या टॉवरनं मेल्या सगळ्या," काका म्हणाले. मी आयटीत आहे म्हणजे गावातला मोबाईलचा टॉवर मीच उभारला, असा त्यांचा पक्का समज आहे.

"टॉवरनं नाही काका, तुमच्या फवाऱ्यानं." झालं! जेवणाची ताटं उचलली तरी वाद संपेना.

ऑफिसात सर्व्हर पडला की पहिली पाच मिनिटं प्रत्येक टीम दुसरीकडे बोट दाखवते. आमचंही तेच चाललं होतं. म्हणून परत आल्यावर दोन शनिवार-रविवार जुने लॉग काढून बसलो. म्हणजे मधमाश्यांचा इतिहास वाचला.

आधी टॉवर. ही बातमी २००७ ची. जर्मनीतल्या काही संशोधकांनी पोळ्याजवळ घरातल्या कॉर्डलेस फोनचं बूड ठेवून एक छोटा प्रयोग केला होता. लंडनच्या एका वर्तमानपत्राने त्याचं "मोबाईलमुळे माश्या नाहीशा" करून टाकलं. आमचा प्रयोग मोबाईलवर नव्हताच, हे संशोधक सांगत राहिले, पण ऐकतो कोण. पुढे २०१० मध्ये चंडीगढला पंजाब विद्यापीठात खरोखर मोबाईल पोळ्यात ठेवून पाहिले आणि राणीची अंडी कमी झाल्याचं छापून आलं. पण पेट्या मोजून दोन-चार, आणि फोन थेट पोळ्यात! यावरून गावाबाहेरच्या टॉवरला फाशी देता येत नाही.

टॉवर सुटला म्हणून मी खूश झालो, पण पुढचं वाचताना माझाही मुद्दा लंगडा पडायला लागला.

२००६ च्या शरद ऋतूत डेव्हिड हॅकेनबर्ग नावाच्या अमेरिकन मधपाळाला फ्लोरिडात चारशेच्या आसपास पेट्यांपैकी बहुतेक रिकाम्या सापडल्या. आत राणी आणि पिल्लं, कामकरी माश्या गायब, आसपास मेलेलीही एक नाही. तिथून जगभर ओरड सुरू झाली. कीटकनाशकांवर संशय आला आणि तो खोटा नव्हता. फ्रान्सने १९९९ मध्येच सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड चोळणं थांबवलं होतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्या गटातली तीन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी केली. आपल्याकडे दुकानात विचारा, लगेच मिळेल.

पण तिकडच्या पोळ्यांचा सगळ्यात मोठा वैरी व्हरोआ नावाचा गोचिडासारखा जीव आहे आणि त्याची गोष्ट मला फार विलक्षण वाटली. तो मूळचा आशियाचा, आपल्या सातेरी माशीच्या जातीवर राहणारा. सातेरी त्याला अंगावरून झाडते, चावते, एकूण निभावून नेते. विसाव्या शतकात लोकांनी जास्त मधाच्या आशेने युरोपीय मेलिफेरा माशीच्या पेट्या आशियात आणल्या. हा जीव तिच्यावर चढला, पेट्यांबरोबर जग फिरला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पोचला. मेलिफेराला त्याची सवयच नव्हती. म्हणजे माणूस दोषी आहेच, पण फवारा मारणारा नाही, पेटी उचलून नेणारा.

आणि आपल्याकडे? १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत सातेरीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास वसाहती संपवल्या. तेव्हा तिथे मोबाईल नव्हता, बीटी कापूसही नव्हता (तो २००२ चा). काका म्हणतात तशी रोगराई असतेच.

त्याहून गोंधळात टाकणारं म्हणजे २००९ च्या एका अभ्यासानुसार जगातल्या पाळीव पेट्या अर्ध्या शतकात साधारण ४५ टक्क्यांनी वाढल्या होत्या! मग कमी काय झालं? पेट्या मोजल्या जातात. बांधावरच्या उंबराला लटकलेलं आग्या मोहोळ कोण मोजणार?

इथे मला आमचं शिवार आठवलं. काकांच्या लहानपणी रब्बीत करडई, जवस असायची, ज्वारीत तुरीच्या ओळी असायच्या. हिवाळ्यापासून शिमग्यापर्यंत कुठं ना कुठं फुलं. मग पूर्णा प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला, टोकाई कारखाना उभा राहिला. हळद होतीच, ती वाढली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मीही फेसबुकवर मिरवलो होतो. सोयाबीन आपलं परागीभवन आपणच उरकतं. ऊस कांडीने लागतो, हळद गड्ड्याने. या पिकांना माशी नको आणि माशीला त्यांच्यात फारसं काही नाही. विषाने मेल्या असतील त्या असतील, पण बाकीच्यांना आम्ही उपाशी ठेवलं. आणि हे कुणी मुद्दाम केलं नाही. त्याच उसाच्या पैशातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली.

शिवाय रात्री टेंभा लावून मोहोळ झाडायची जुनी रीत आमच्याकडेही होतीच. सकाळी झाडाखाली जळक्या माश्यांचा सडा. तो मध मी पोळीला लावून खाल्लाय.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फुलकिडे लई पडले म्हून फुलोऱ्यातच दोनदा मारलं होतं औषध. सकाळच्याला." मी काही बोललो नाही.

परवा त्यांचाच फोन आला. पुढच्या वर्षी डोंगळ्यांच्या कडेने पूर्वीसारख्या करडईच्या चार ओळी टाकायच्या म्हणतात. काटे असतात, जनावरंही आत येत नाहीत.

"बी बघ पुण्यात कुठं मिळतं का. पण करडईवर मावा पडतोच बरं का. पडला तर फवारायचं का नाही, ते आताच सांगून ठेव."