अमेरिकेंतील दास्यमुक्तियुद्ध व पश्चिम खानदेश

अमेरिकेंतील उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें इ. स. १८६१ ते १८६५ पर्यंत जें यादवी युद्ध झालें, त्याचा नंदुरबारकडील प्रांताशीं कांहीं संबंध असेल असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटणार नाहीं. परंतु कापूस व कर्ज या दोन धाग्यांनीं तो जुळलेला आहे. तो संग्राहकांच्या नजरेस आणावा, एवढाच या टिपणाचा हेतु.

युद्धापूर्वीं इंग्लंडच्या गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस दक्षिण संस्थानांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून, येत असे. उत्तरेच्या आरमारानें तेथील बंदरें रोखतांच पुरवठा खुंटला व मुंबईस भाव अनेक पटींनीं चढला. खानदेशांत कापसाचा पेरा वाढला. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनीं हिंगणघाटी बियाण्याचा प्रसार केला. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला, भाव कोसळले, व जुलैंत मुंबईचा सट्टा बुडाला. भाव उतरला, तेजींत काढलेलें कर्ज मात्र उतरलें नाहीं.

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. आपल्याकडे त्यापूर्वींच १८४३ च्या ५ व्या कायद्यानें दास्याचा हक्क न्यायालयांनीं मानूं नये असें ठरलें होतें, आणि १८६२ पासून अमलांत आलेल्या दंडसंहितेनें गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. पेशवे दप्तरांतील कुणबिणींच्या खरेदीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस या पालटाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. परंतु माणसाची विक्री थांबली तरी कर्जापोटीं श्रम बांधून देण्याचा व्यवहार थांबला नाहीं. शहादें-तळोद्याकडे भिल्ल मजूर आगाऊ रक्कम घेऊन सालाच्या बोलीनें राबे. फेड न झाल्यास पुढील सालहि त्याच घरीं जाई. सर्वच सालदार असे बांधलेले होते असें नव्हे. परंतु बांधलेल्यास सोडविणारा जाहीरनामा कोणी काढला नव्हता.

जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केला, व स्वदेशबांधवांनीं तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली ती १९७२ त. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला तो १९७६ त. १८४३ पासून मोजल्यास हें अंतर १३३ वर्षांचें भरतें.

तेव्हां दास्याचा इतिहास केवळ विक्रीपत्रांत शोधून भागणार नाहीं. सनदा व बखरी जपणाऱ्या संग्राहकांनीं शके १७८३ ते १७८७ च्या सावकारी वह्या, गहाणखतें व सालदारीच्या नोंदी रद्दींत जाऊं देऊं नयेत. ज्याच्या नांवापुढें केवळ निशाणी आहे, त्याची साक्ष दुसऱ्या कोणत्याहि दप्तरांत सहसा सांपडावयाची नाहीं.