सभागृहाविना सहा वर्षे : युद्धकाळातील मुंबई विधानसभा

लोकप्रतिनिधींचा व्यत्यय नसेल तर प्रशासन वेगाने व चोख चालते, असे मत सरकारी नोकरीत मी अनेकदा ऐकले आहे. दिल्लीच्या दफ्तरांत तर ते अधिकच ऐकू येते. या मताची पारख करायची असेल, तर दुसऱ्या महायुद्धातील मुंबई प्रांताकडे पाहावे.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली १७५ सदस्यांची मुंबई विधानसभा निवडली गेली. बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखास तेव्हा हेच नाव होते) व गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरात मुंबईच्या सभागृहात युद्धविषयक ठरावावर चर्चा झाली. विरोधी बाकांवरून डॉ. आंबेडकरांनी बहुमताचे राज्य आणि अस्पृश्यांचे हित यांविषयी परखड प्रश्न उभे केले. नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कलम ९३ लागू झाले.

या कलमाने विधानसभा विसर्जित झाली नाही. तिचे अधिकार तेवढे गव्हर्नरांकडे गेले. आधी लम्ले व १९४३ पासून कॉल्व्हिल यांनी सनदी सल्लागारांच्या मदतीने कारभार केला. कायदे गव्हर्नर करीत, अर्थसंकल्पही तेच मंजूर करीत. ब्रिटिश पार्लमेंटने निवडणुका लांबणीवर टाकण्याची सोय केली. त्यामुळे १९३७ नंतरची निवडणूक थेट १९४६ साली झाली. दिल्लीतील केंद्रीय विधिमंडळाचीही तीच गत झाली. १९३४ साली निवडलेले ते सभागृह १९४५ पर्यंत चालू राहिले. फरक एवढाच की ते भरत तरी होते.

आता प्रशासनाचा हिशेब पाहू. १९४३ साली मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले व ते यशस्वी ठरले. त्याच वर्षी बंगालमध्ये निवडलेले मंत्रिमंडळ व विधानसभा असूनही भीषण दुष्काळ पडला. दुष्काळ चौकशी आयोगाने बळींची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अनेक अभ्यासकांचे अंदाज त्याहून पुष्कळ अधिक आहेत. मग सभागृह नसलेलेच बरे, असे म्हणावे काय?

मला तसे वाटत नाही. बंगालवर युद्धाची झळ थेट होती. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता, किनाऱ्यावरील होड्या सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, आणि निर्णयाच्या खऱ्या किल्ल्या कलकत्त्याच्या मंत्र्यांकडे नव्हत्याच. तरीही तेथे जाब विचारण्यास जागा होती. मिदनापूरमधील दडपशाहीचा निषेध करून श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये मंत्रिपद सोडले. मुंबई प्रांतात १९४२ च्या आंदोलनात गोळीबार झाले, सामुदायिक दंड बसले, साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. या कशाविषयीही प्रश्नोत्तराच्या तासाला एकही प्रश्न आला नाही, कारण तो तासच नव्हता. शासनाची बाजू फायलींत नोंदली गेली. प्रजेची बाजू नोंदण्याचे अधिकृत दालन बंद होते. आणि ते केवळ राजीनामा देणाऱ्या काँग्रेससाठी नव्हे, तर काँग्रेसला प्रश्न विचारणाऱ्यांसाठीही बंद झाले होते.

कलम ९३ ची छाया आपल्या राज्यघटनेतील कलम ३५६ वर आहे, हे सर्वज्ञात आहे. राज्याच्या विधिमंडळाचे अधिकार तेव्हा गव्हर्नरांकडे जात. आता ते संसदेकडे येतात, हा मोठा फरक. १९९४ च्या बोम्मई निकालाने न्यायालयीन तपासणीची वाटही स्पष्ट केली.

जानेवारी १९४६ मध्ये मावळंकर दिल्लीत केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष झाले व १९५२ साली पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. सहा वर्षे बंद राहिलेल्या सभागृहाचा अध्यक्ष प्रश्नोत्तराच्या तासाचे मोल जाणून होता, असे मानण्यास हरकत नसावी.

चांगला अधिकारी सभागृहाविनाही रेशनिंग नीट चालवू शकतो. मात्र तो चुकला तर ते कळणार कोणाला? हा प्रश्न माझ्या सेवेतील प्रत्येकाने स्वतःस विचारावा.